राहिलेली दोन प्रकरणं

मी पुस्तकांची ढकलगाडी. चार चाकं, दोन फळ्या. हल्ली माझ्यावर जे ठेवतात ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगणार आहे.

तरुणपणी एका हॉटेलात चहाचे कप वाहिले. ते बंद पडलं, तेव्हा स्लायगो गावाजवळच्या या शुश्रूषागृहात आले. इथे बरं व्हायला कोणी येत नाही. रोग्याला ते ठाऊक असतं. भेटायला येणारेच द्राक्षं घेऊन येतात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या गप्पा मारतात.

मला ढकलायच्या डिम्फनाबाई. कोर्टातल्या टायपिस्ट, निवृत्त, विधवा, बिनपगारी यायच्या. वरच्या फळीवर दानात आलेली, सूर्योदयाच्या मुखपृष्ठांची, धीर देणारी पुस्तकं. खालच्या फळीवर बाईंनी स्वतः जमवलेल्या कादंबऱ्या, मरणाची यथेच्छ टिंगल करणाऱ्या. दर अंत्यविधीला भलत्याच माणसाचं नाव घेणारा पाद्री. नवऱ्याला विष घालता घालता त्याच्यावर भाळलेली बायको. या कादंबऱ्या बाई सरसकट वाटत नसत. आधी माणसाशी बोलत, अंदाज घेत, मगच खाली वाकत.

फिंटन गार्व्ही हा म्हातारा खाटीक. त्याच्या लेकीनं, ओर्लानं, त्याच्या उशाशी सूर्योदयांची चळत लावली होती.

"ही सगळी पुस्तकं मला लढ म्हणतात," तो म्हणाला. "कोणाशी लढू? सुरीपुढे आलेल्या बोकडाला मी कधी असा उपदेश केला नाही."

बाई खाली वाकल्या. "हे बघा. एक सुतार स्वतःसाठी शवपेटी बनवतो. पण दर वेळी गावात दुसरंच कोणीतरी मरतं आणि पेटी उसनी घेऊन जातं."

"परत देत नाहीत?"

"अजून तरी कोणी दिलेली नाही."

दुसऱ्या दिवशी तो हसत होता. इतका, की खोकल्याची उबळ येऊन नर्स धावली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या नन, सिस्टर इमेल्डा, यांनीही त्या पुस्तकासाठी रांगेत नंबर लावला. "लवकर वाचा हो गार्व्ही, मला फार वेळ नाही," त्या म्हणाल्या, आणि दोघं पुन्हा हसली.

नेमकी तेव्हाच ओर्ला आली. तिनं मुखपृष्ठावरची पेटी पाहिली आणि पांढरीफटक पडली.

"माझे बाबा मरताहेत," ती डिम्फनाबाईंवर ओरडली, "आणि तुम्हाला थट्टा सुचतेय?"

"मरतोय मी, ओर्ला," फिंटन म्हणाला. "थट्टा मला सुचू दे."

तिनं ऐकलं नाही. तक्रार झाली. व्यवस्थापिका हॅलपिनबाईंनी खालची फळी रिकामी करवली, फिंटनच्या हातातलं पुस्तकही काढून घेतलं आणि डिम्फनाबाईंना गोड आवाजात सांगितलं, "तुमच्या सेवेबद्दल आम्ही आभारी आहोत." बाईंनी माझ्या दांड्यावरून एकदा हात फिरवला आणि कोट चढवून गेल्या.

फिंटनची दोन प्रकरणं राहिली होती.

"शेवटी पेटीत कोण जातं?" तो लेकीला विचारायचा.

"बाबा, तुम्ही विश्रांती घ्या."

"अगं, त्या बाईंना एवढं तरी विचारून ये."

ती उशी सारखी करायची. जाणाऱ्या माणसाचं ऐकण्यापेक्षा त्याची उशी सारखी करणं सोपं असतं. तो शुक्रवारी गेला. सिस्टर इमेल्डा त्याच्या मागोमाग.

पंधरवड्यानं ओर्ला आली. माझ्याजवळ उभी राहून तिनं हॅलपिनबाईंना हलक्या आवाजात विचारलं, "ते सुताराचं पुस्तक... मिळेल का? मला फक्त शेवट बघायचाय."

"ती सगळी रद्दीत गेली. तुमच्याच सांगण्यावरून."

ओर्ला बराच वेळ माझा दांडा धरून उभी होती. ढकलायचं मात्र तिला सुचलं नाही.

आता माझ्यावर सुगंधी मेणबत्त्या आणि 'धीर धरा' छापलेली पत्रकं असतात. तीही कोणी उचलत नाही. तुमचं कोणी असं खाटेला खिळलं, तर काय वाचू म्हणून ते विचारील. त्याला तुमच्या भीतीच्या मापाचं पुस्तक देऊ नका. हसवील ते द्या. आणि ते संपेपर्यंत त्याच्या हातातून काढून घेऊ नका.