सीटवरून येणारे निरोप

कुमासी शहराच्या सुआमे भागात, जिथे समुद्रापलीकडून आलेली जुनी अवजड यंत्रं उघडी करून ठेवलेली असतात आणि हातोड्यांच्या आवाजात माणसांना ओरडूनच बोलावं लागतं, तिथे एन्सिया बोत्वेचं काम मात्र ऐकण्याचं होतं. पोकलेनच्या पोटात इंजिनाचा, पंपाचा, पडद्याचा, सीटचा असे वेगवेगळे इलेक्ट्रॉनिक डबे असतात आणि एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींवरून ते सतत परस्परांना निरोप पाठवत असतात. त्यांतला एक जरी गप्प झाला तरी बाकीचे त्याला हाका मारत राहतात आणि यंत्र जागचं हलत नाही. तो गप्प झालेला डबा शोधायचा आणि त्याला पुन्हा बोलता करायचा, यावर बोत्वेचं घर चालत होतं.

घरात त्याची बायको डुफी गेल्या पावसाळ्यापासून बोलत नव्हती. त्यांचा एकुलता एक, उंचापुरा मुलगा आदोमाको ओफिन नदीकाठी पोकलेन चालवायचा. एका दुपारी काठ खचला आणि यंत्रासकट तो पाण्यात गेला. यंत्र साखळ्या लावून बाहेर काढलं. केबिनचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. मग एका शनिवारी शोकाची लाल-काळी वस्त्रं नेसून सगळे नातेवाईक जमले, ढोल वाजले, माणसं गळ्यात पडून रडली, पण पुरायला काही नव्हतं. डुफी त्या गर्दीत खुर्चीवर ताठ बसून होती. तेव्हापासून ती दुपारी नवऱ्यासाठी उकडलेला याम कंद आणि कोंतोमिरेची पालेभाजी घेऊन त्याच्या कामावर यायची, तो जेवेपर्यंत समोरच्या पत्र्याकडे बघत बसायची आणि रिकामं भांडं उचलून निघून जायची.

जुन्या यंत्रांचा व्यापार करणाऱ्या कोनाडूबाईंनी परदेशातून आलेलं ते पिवळं पोकलेन त्याच्या आवारात आणून सोडलं, तेव्हा त्याचे सगळेच डबे मुके होते. बोत्वेने वायरी मोजल्या, केबिनचा तळ उघडला आणि गंजून हिरवा पडलेला एक कनेक्टर शोधून बदलला. पडदा उजळला, इंजिन सुरू झालं. फक्त पट्टा बांधण्याची सूचना देणारा लाल दिवा जाईना. सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की तो लागतो. सीट रिकामी होती.

सीटखालचं बटण अडकलं असेल म्हणून त्याने त्याची वायर काढली. दिवा तसाच राहिला. मग त्याने सीटचा अख्खा डबाच सोडवून बाकावर ठेवला आणि यंत्राच्या वायरींना लॅपटॉप जोडला. बाकीच्या डब्यांचे निरोप ठरलेल्या लयीत सरकत होते, आणि डबा सुटा पडला असूनही त्यांच्यामध्येच सीटच्या नावाने मधूनमधून ओळी येत होत्या. माणूस बसलेला आहे. माणूस बसलेला आहे.

तेवढ्यात डुफी जेवण घेऊन आली आणि उघड्या केबिनसमोर थांबली.

"कोण बसलंय?" तिने विचारलं.

इतक्या महिन्यांनी तिचा आवाज ऐकून बोत्वेने मान वर केली. "कोणी नाही. बिघाड आहे," तो म्हणाला.

ती वर चढली. रिकाम्या सीटवरून तिने पट्टा ओढला, मांडीवर लुगडं सारखं करावं तशा हलक्या हाताने तो सरळ केला आणि टोक खटक्यात बसवलं. लाल दिवा विझला. मग ती पॅडलांपाशी पाय दुमडून बसली आणि बोलू लागली. शेजारणीच्या शेळ्या, गळकं छप्पर, बाजारात भेटलेली आदोमाकोची जुनी मैत्रीण, जी आता पोटुशी होती.

बोत्वे बाकावरून ऐकत होता. मग त्याचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं. डुफी बोलत असताना सीटच्या ओळी थांबायच्या. ती गप्प झाली की त्या येऊ लागायच्या, कधी थोड्या, कधी लांबलचक, आणि त्या थांबल्यावरच ती पुन्हा तोंड उघडायची. तिला तिथून पडदा दिसत नव्हता.

"पाणी गार होतं का रे?" तिने एकदा विचारलं. त्यावर ओळी इतका वेळ येत राहिल्या की बोत्वेने मान फिरवली.

त्याने कोनाडूबाईंना सांगितलं की काम वाढलंय. डुफी रोज येऊ लागली. घरीही ती आता चार शब्द बोलायची, एकदा तर भाजीत मीठ कमी आहे म्हणून स्वतःवरच हसली. बोत्वे दुसरी कामं घेईना.

शेवटी कोनाडूबाई स्वतः आल्या. गिऱ्हाइकाचा ट्रेलर बाहेर उभा होता.

"मास्तर, तुमचं दुःख मला कळतं हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण यंत्र चालतंय हे साऱ्या सुआमेला ऐकू येतंय. किती दिवस थांबवू मी त्या माणसाला?"

"कुठे नेणार?"

त्यांनी नजर चुकवली. "नदीकडेच."

बोत्वे केबिनपाशी गेला. आत बसलेल्या डुफीने सगळं ऐकलं होतं. ती उठली नाही, फक्त थोडी बाजूला सरकली.

"अहो, तुम्हीपण बोला की काहीतरी," ती म्हणाली. "तो रोज विचारतो, बाबा का बोलत नाहीत म्हणून."

त्याने पट्ट्यावर हात ठेवला. पट्टा कोमट होता. ऊन केबिनच्या दुसऱ्या बाजूला होतं. पाण्यातून साखळ्यांनी ओढलेलं ते यंत्र, उघडं दार, आणि चिखलात उभं राहून आपण नावाने हाकही मारली नव्हती, हे सगळं त्याला आठवलं.

"दमला असशील, पोरा," तो कसंबसं म्हणाला. "उतर आता. घरी चल."

त्याने खटका दाबला. पट्टा सुटून सर्रकन मागे गेला. लाल दिवा लागला नाही. पडद्यावर एकच ओळ उमटली, ज्या ओळीमुळे लोक आयुष्यभर त्याच्याकडे यंत्रं आणत आले होते: सीटशी संपर्क तुटला.

डुफी शांतपणे खाली उतरली. बोत्वेने सीटचा डबा जागेवर बसवला, सगळं तपासलं. यंत्रात आता कसलाच दोष नव्हता. ट्रेलर वळून दिसेनासा झाला तेव्हा त्याने आडोशाला जाऊन तोंडावर फडका दाबला आणि पहिल्यांदा मुलासाठी रडून घेतलं.

दोघं चालत घरी आली. त्यांच्या अंगणाचं दार बुटकं होतं. डुफीने कडी काढली, आत गेली आणि दार हाताने धरून उभी राहिली. एखादा उंच माणूस मान वाकवून आत येईपर्यंत जेवढं थांबावं लागतं, तेवढी थांबली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून बाहेरच होता. आपणही नकळत बाजूला सरून वाट दिली होती, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.