हात उठवणारा खांब

हफसाचं पत्र चिंतामणी सरांच्या टेबलावर दिवाळीपासून पडून होतं. सरांची ही जुनी विद्यार्थिनी आता फिजिओथेरपिस्ट झाली होती आणि कशेळीला जायबंदी कामगारांसाठी एक लहानसं केंद्र चालवत होती. 'सर, व्यायाम दुखतो आणि कंटाळवाणाही असतो. लोक दोनदा येतात, मग येईनासे होतात. तुम्ही अधूनमधून येऊन त्यांच्याशी बोलत बसाल का?' एवढंच तिनं विचारलं होतं. सरांनी उत्तर लिहायला घेतलं, फाडलं, पुन्हा घेतलं. हमालांशी आपण काय बोलणार? सगळा जन्म पुस्तकात गेला. वर्गातसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचत नसे.

दोनदा येऊन ते लोक पुढे जातात कुठे, हे सरांना राहनाळला कळलं.

तिथं गोदामांच्या मागे अर्धवट बांधकामाचा एक सिमेंटचा खांब उभा होता. वरून निघालेल्या गंजक्या सळ्यांना आता झेंडे आले होते, अंगाला शेंदूर आला होता आणि शेंदरापाठोपाठ खांबवाले महाराज आले होते. रविवारी पाय ठेवायला जागा नसे. कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणाची मान पट्ट्यात.

"बोला, हात कुनाचा?" महाराज ओरडत.

"खांबाचा!"

"ओझं कुनाचं?"

"खांबाचं!"

"दुखनं कुनाचं?"

"खांबाचं!"

बिचाऱ्या खांबाच्या वाट्याला सगळ्या जगाचं दुखणं यायचं. नारळ तेवढे महाराजांच्या वाट्याला.

चमत्कार मात्र डोळ्यांनी दिसायचा. माणसानं खांबाशेजारी उभं राहायचं, दुखऱ्या हाताची मागची बाजू खांबाला लावून जोरात रेटत राहायचं. मंत्र संपला की महाराज त्याला बाजूला ओढत आणि लोंबणारा हात आपोआप वर तरंगत यायचा. बायका हात जोडत.

हमालांच्या टोळीचा मुकादम केसरीनाथ यानं तर यातून कायदाच केला होता. डॉक्टरची चिठ्ठी त्याला नको असे. खांबानं ज्याचा हात उठवला त्याला दुसऱ्या दिवशी ड्युटी. ज्याचा नाही उठवला त्याच्या मनात पाप. त्याला टोळीतून रजा.

सरांचा शेजारी महादू याच टोळीतला. ट्रकमधून कापडाची गाठ कोसळून त्याचा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी तो जागेवर बसवला आणि बजावलं, अजून ओझं नको, रोज व्यायाम कर. दंडावरचा तळहाताएवढा भाग अजून बधिर होता. महादूही तसाच झाला होता. रागवत नसे, रडत नसे. ताटात पडेल ते जेवायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा.

"सर, तुमी चला संगती," त्याची बायको सुकन्या म्हणाली. "हात उठला तं उद्या गाठी उचलायला नेतील. नाय उठला तं टोळीतून काढतील. मना कायच समजत न्हाय."

सर गेले, पण गर्दी पाहून कडेला सरकले. मागे एक टेम्पो उभा होता. लोकांचा लोंढा असा रेटत होता की सर टेम्पोला चिकटले. हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवून ते स्वतःला कसंबसं सावरत राहिले. समोर महादू खांबाला हात रेटत होता. महाराजांनी त्याला ओढलं, हात थरथरत वर आला. "उठला!" सगळे पुढे धावले. सरांभोवतीची जागा मोकळी झाली, ते टेम्पोपासून सुटले.

आणि त्यांचाही हात वर तरंगायला लागला.

सर घाबरून त्याच्याकडे बघत राहिले. टेम्पोला शेंदूर नव्हता. मंत्रही कुणी म्हटला नव्हता. पत्र्यावर फक्त 'आवाज द्या' असं लिहिलं होतं.

"उद्या पहिल्या पाळीला ये रे," केसरीनाथ महादूला सांगत होता.

"अहो, जरा..." सर पुटपुटले. कुणाला ऐकू गेलं नाही.

"ओ! सर काय म्हंतात ते ऐका!" सुकन्या किंचाळली.

केसरीनाथ वळला. "काय मास्तर? तुमचा पन खांदा गेला काय?"

लोक हसले. सरांचे कान तापले. "नाही, माझा चांगला आहे. चांगला असूनही उठला. माझं चुकतही असेल. तुम्ही करून बघता का? इथं, टेम्पोला."

चेष्टा म्हणून केसरीनाथनं हात रेटला. सरांनी थांबा म्हटल्यावर तो बाजूला झाला. त्याचा जाडजूड हात झेंड्यासारखा वर आला. तो दुसऱ्या हातानं खाली दाबायला लागला, तेव्हा मात्र हसण्याचा रोख बदलला.

"खांबाची शक्ती टेम्पोत उतरली!" महाराज गरजले.

"ओ महाराज, आत्ता वडप्यावरनं आलोय मी," ड्रायव्हर म्हणाला. "भंगार भरलंय आत."

मग कुणी शटरला हात लावला, कुणी भिंतीला, कुणी लाइटच्या खांबाला. थोड्या वेळानं गोदामांच्या रांगेत चांगले धडधाकट हात आपोआप वर येत होते. जयजयकार कुणी केला नाही. महाराज नारळ गोणीत भरू लागले.

"स्नायू जोर लावत असतो," सर अडखळत म्हणाले. "अडथळा गेला तरी तो जोर लगेच थांबत नाही, थोडा वेळ चालूच राहतो. म्हणून हात वर येतो. यात दुखणं बरं झालं की नाही, काहीच कळत नाही."

"मग कळायचं कसं?" केसरीनाथनं विचारलं.

सुकन्यानं पाण्याची भरलेली बाटली महादूच्या हातात दिली. "धर. पुढं कर हात." तो हात पुढे करू लागला. खांदा कापला, हात खाली आला, बाटली जमिनीवर आपटली.

"पडली काय?" महादू म्हणाला. एवढंच.

"उद्या या खांद्यावर गाठ पडली असती तर?" सरांचा आवाज पहिल्यांदाच मागच्या रांगेपर्यंत गेला.

"मंग घरी बसू?" महादूनं विचारलं. "घरी बसलेल्याची जागा कोन ठेवतो?"

सर केसरीनाथकडे बघत राहिले. एरवी लगेच नजर वळवणाऱ्या सरांनी या वेळी ती वळवली नाही. केसरीनाथनं मान खाजवली.

"खोक्यांवर लेबलं लावायला बस. एका हाताचं काम हाय. जागा ऱ्हाईल तुझी." मग सरांना म्हणाला, "पन खांदा तयार झाला हे सांगनार कोन? खांब तं गेला."

"कशेळीला एकजण आहे," सर म्हणाले.

मान पट्ट्यात असलेला एकजण पुढे आला. "कशेळीला कुठं, सर?"

घरी येऊन सरांनी लिहिलं: 'चि. हफसा, उत्तराला फार उशीर झाला. बुधवारी येतो. बरोबर महादू आहे, मान पट्ट्यात असलेला आणखी एकजण आहे. बरं व्हायला वेळ लागेल हे त्यांना तूच सांग. ओझं कधी उचलायचं ते त्यांच्या मुकादमालाही लिहून दे, तो आता चिठ्ठी वाचेल. मी काय बोलणार, अजून ठाऊक नाही. एवढं मात्र सांगेन, की दुखऱ्या हातावर चमत्कार दिसला तर तो आधी चांगल्या हातावर करून बघा. तिथंही घडला, तर नारळ घरी न्या आणि व्यायामाला या.'

या खेपेला त्यांनी पुन्हा वाचून पाहिलं नाही. नाक्यावरच्या लाल पेटीपर्यंत चालत गेले. पाकीट आत पडल्याचा आवाज झाला.