वाकवून ठेवलेली उंची

पाण्याचा दिवस होता. पिंपे भरून झाल्यावर प्रभाने कणीक मळून झाकली, चहा चढवला आणि शेंगाचटणीचा डबा घ्यायला वरच्या फळीकडे हात नेला. एरवी टाचा उचलाव्या लागत. आज टाचा फरशीवरच होत्या आणि बोटे डब्याला टेकली होती. ती तशीच उभी राहिली. चहा उतू गेला.

चाळिशी उलटलेली बाई वाढते का?

योगवर्गात तिने हे विचारले तेव्हा इंद्रायणीताई हसल्या नाहीत. त्यांनी तिला भिंतीशी उभे केले. पाठ टेकली, डोकेही टेकले. पावसाळ्यात वर्ग सुरू केला तेव्हा हेच डोके भिंतीपर्यंत पोचत नव्हते.

"ह्या वयात हाडं वाढत नाहीत, प्रभाताई. ताडासनानंसुद्धा नाहीत. ही उंची तुमचीच आहे. वाकवून ठेवली होती तुम्ही. कुणासाठी?"

प्रभाला ठाऊक होते. लग्नात अंतरपाट धरण्याआधी मामांनी सुबोधच्या पायांखाली दोन पाट रचले होते. मांडवात हशा पिकला, सुबोधचा चेहरा उतरला आणि तिने मान खाली घातली. सगळे म्हणाले, सून लाजाळू आहे. ती मान पुढे शाळेत शिकवताना, बाजारात, घरात एकटी असतानाही खालीच राहिली. आणि एवढी वर्षे तिची उंची आत मुकाट थांबून होती. खचली नव्हती, रुसली नव्हती, निघूनही गेली नव्हती. प्रभाच्या अंगावर शहारा आला.

पण आता ताठ उभे राहायचे, म्हणजे सुबोधचे पुन्हा हसे करायचे.

रविवारी दोघे सोलापूरहून टेंभुर्णीला, पुतणी ओवीच्या साखरपुड्याला गेले. फोटोसाठी सगळे ओळीत उभे राहिले.

"वैनी, वाईच वाका की! दादा दिसंनात बगा," फोटोग्राफर ओरडला.

"दादाला स्टूल आणा रे!" मागून कुणीतरी म्हणाले. हशा पिकला.

सुबोधने मान वर करून बायकोकडे पाहिले, जणू नवखे कुणी शेजारी येऊन उभे राहिले होते.

"तू कधी वाढलीस गं?" त्याने हळूच विचारले.

"वाढले नाही. होतेच."

"मला वाटायचं, तुझी पाठच तशी आहे."

"वैनी, वाका की!"

प्रभाने पदर सारखा केला, सुबोधच्या खांद्याला खांदा लावला आणि समोर पाहत सरळ उभी राहिली.