परत बसवायचं राहिलेलं

चष्म्याच्या काचा घडवणाऱ्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर रुसला की सगळे ज्याला हाक मारत, त्याचं नाव पडलं होतं ‘डॉक्टर’. त्या नावानं स्वारी कायम हवेत. ऑर्डरी घ्यायला त्याची सख्खी वहिनी बसायची. तिला तिथं चिकटवलं होतं त्यानंच.

मालकांनी सर्व्हरला नेटवर्कशी जोडणाऱ्या दोन कार्डांची जोडी करायला सांगितली, म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं काम ओढेल. पण सुरक्षेचं सॉफ्टवेअर आडवं आलं. ते एकेका कार्डावर पहारा द्यायचं; जोडीतून झालेलं नवं कार्ड त्याच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून त्यानं सगळी वाटच अडवली. उपाय सोपा होता: सॉफ्टवेअर काढायचं, जोडी करायची आणि ते परत बसवायचं, म्हणजे नव्या कार्डाशी त्याची पहिल्यापासून ओळख होईल. डॉक्टरनं काढलं, जोडी केली, ऑर्डरी धडाधड सुरू झाल्या. मालकांनी पाठ थोपटली आणि पठ्ठ्या परत बसवायचं विसरला.

पुढच्याच आठवड्यात वहिनीनं ग्राहकाचा समजून एक मेल उघडला आणि सर्व्हरवरच्या साऱ्या ऑर्डरींना कुलूप लागलं, एकही उघडेना. सॉफ्टवेअर असतं तर तो मेल दारातच अडला असता. “हे झालं कसं?” मालकांनी विचारलं. डॉक्टरला त्याच क्षणी सगळं आठवलं.

“चुकीचा मेल उघडला गेला,” तो म्हणाला. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

वहिनीला सगळ्यांदेखत बोलणी बसली आणि तिला टेबलावरून उठवून पॅकिंगला लावलं. चोर सोडून संन्याशाला सुळी! डॉक्टरनं सॉफ्टवेअर गुपचूप बसवलं, जुन्या बॅकअपवरून ऑर्डरी परत आणल्या आणि वर शाबासकीही घेतली.

घरी जेवताना त्याला वहिनीकडे बघवेना. तो ताटातला भात नुसता चिवडत होता. तीच म्हणाली, “भावोजी, माझ्यामुळे तुम्हाला मान खाली घालावी लागली. खोटा मेल कसा ओळखायचा, जरा शिकवाल का?”

आता मात्र त्याला राहवेना. ताट बाजूला सारून त्यानं काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं. बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, अगदी भूकसुद्धा लागली.

वहिनीनं त्याचं ताट परत त्याच्यापुढे ओढलं. “उद्या हे मालकांना सांगणार आहात ना? की मला सांगितलं, संपलं?”

त्याच्या मनात ते खरंच संपलं होतं.