पुतणीच्या परीक्षेला मी बसलो

आमच्या घराण्यात सगळ्यात कमी शिकलेला कोण, असं विचारलंत तर लहानथोर एका सुरात माझ्याकडे बोट दाखवतील. शाळा अर्ध्यावर सोडली आणि लिफ्टच्या कामाला लागलो. माझ्या अडाणीपणाचा कुणाला उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. तो झाला माझ्या पुतणीला.

पोरगी इंजिनिअरिंगला. मशीनचे पेपर तिने हसत खेळत सोडवले. पण तिच्या विद्यापीठाचा एक नियम आहे. देशाचा इतिहास आणि राज्यकारभार या विषयात पास झाल्याशिवाय पदवी नाही, मग तुम्ही भले रॉकेट उडवा. नेमकी तिथेच ही दोनदा आपटली. नोकरी ठरलेली, पण पदवी दाखवा आणि मगच या, असं कंपनीने बजावलेलं. घरात कुणी कुणाशी धड बोलेना.

मग कळलं, लेखी जमत नसेल तर तोंडी देता येते. पण ती तोंडीही जगावेगळी. कॉलेजची पायरी न चढलेला एक माणूस सोबत न्यायचा, परीक्षकांसमोर त्याला एक धडा समजावून सांगायचा, आणि मग आपण गप्प बसायचं. प्रश्न त्या माणसाला. त्याला कळलेलं असलं तर ही पास.

"काका, तुम्हीच चला," पुतणी म्हणाली.

"अगं, बापाला ने की."

"बाबांचा साहेबांपुढे आवाज बसतो. तुमचा कधी बसलाय?"

"बसत नाही हेच तर दुखणं आहे," आमची बायको आतून म्हणाली.

धडा निवडणुकीचा ठरला होता. झालं, सगळं घर माझ्यामागे हात धुऊन लागलं. दादा प्रश्न विचारणार, वहिनी उत्तर तपासणार. मी लिफ्टचे नट आवळतानासुद्धा पुटपुटायचो.

परीक्षेच्या खोलीत एक लांब टेबल. पलीकडे पिकल्या केसांच्या बाई आणि एक चष्मेवाले सर. पुतणीने धडा सांगितला, बाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि मी जो सुटलो तो थेट शेवटच्या ओळीवर थांबलो.

"म्हणजे काय हो?" बाईंनी विचारलं.

मी पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू केलं. सरांनी हसू लपवायला खोकल्यासारखं केलं.

"हे पाठ करून घेतलंय," बाई पुतणीला म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "हे नाही चालणार. दुसरा धडा देते. सरकारला कोर्ट कसं अडवतं, ते आत्ता इथेच यांना समजावून सांग. नाही जमलं तर पुढच्या वर्षी ये."

पोरीचा चेहरा उतरला. पुढच्या वर्षापर्यंत नोकरी कोण थांबवून ठेवतंय. म्हटलं, माझ्या या तोंडाने पोरीचं वाटोळं केलं.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग पुस्तकी बोलणं सोडलं.

"काका, लिफ्टचा दोर तुटला तर काय होतं?"

"काही नाही. डब्याखालचे चिमटे रूळ धरतात."

"मोटार सांगते त्यांना?"

"मोटारीचा काय संबंध? त्यांचा दोर वेगळा, वरची कप्पी वेगळी. डबा बेफाम सुटला की ती कप्पी अडकते आणि चिमटे बसतात. मोटारीला कुणी विचारायला जात नाही."

"का नाही जात?"

"मोटारच बिघडली असली तर?"

"तसंच आहे हे. सरकार म्हणजे मोटार. कोर्टाचा दोर वेगळा. आणि तो बसवला कुणी, माहितीये? उद्या ज्यांच्या हातात मोटार येणार होती, त्याच लोकांनी."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. जन्मभर चिमटे बसवले, पण ते दुसऱ्यांच्या डब्यांना. ही कसली माणसं म्हणायची? देश नुकताच मोकळा झालेला, लोक खांद्यावर घेऊन नाचतायत, आणि हे खोलीत बसून घटनेत लिहितायत की उद्या आम्हीच बिघडलो तर आम्हाला असं अडवा. माझ्या हातात टीव्हीचा रिमोट आला तर मी सोडत नाही.

मग तिने पुढची हकिकत सांगितली. बऱ्याच वर्षांनी एक सरकार खरंच बिघडलं. विरोधात बोलणाऱ्यांना तुरुंगात घातलं. कोर्ट म्हणालं, सोडा. वरून जेलरला फोन आला, सोडू नकोस. सकाळी जेलरने दार उघडलं.

एवढं बोलून ती गप्प झाली. आता पाळी माझी.

सर पुढे वाकले. "कोर्टाकडे फौज नाही, बंदुका नाहीत. मग सरकारला धरलं कशाने?"

मी पुतणीकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती. डोक्यात पाठ केलेलं एक अक्षर नव्हतं.

"साहेब, आमचे चिमटे लोखंडाचे असतात," मी म्हणालो. "इथे तो जेलर. कोर्टाने नुसता दोर ओढला, धरलं त्याने. तो कचरला असता तर डबा गेला होता खाली."

"तो कचरणार नाही याची खात्री काय?"

मी विचार केला. जितका विचार करावा तितकं अंगावर येत होतं.

"खात्री नाहीच, साहेब. लोखंडाची मी लिहून देतो, माणसाची कोण देणार? एवढा मोठा देश, आणि तो असा माणसांच्या भरवशावर टांगून ठेवलाय?"

"ठेवलाय खरा," सर म्हणाले.

"आणि अजून पडलेला नाही," बाई म्हणाल्या आणि सही करून कागद पुतणीकडे सरकवला. "पास आहेस तू."

बाहेर आल्यावर पोरगी रडली, हसली, मग दादाला फोन लावून बसली. समोर रस्त्यापलीकडे कोर्ट होतं. कामाला जाताना रोज दिसायचं, पण बघितलं नव्हतं. रंग उडालेला, एका खिडकीची काच फुटून तिथे पुठ्ठा लावलेला. दारात एकच शिपाई, तोही डुलक्या घेणारा. एवढ्याशा त्या इमारतीसमोर माझे हात आपोआप खिशातून बाहेर आले.

"काका, चला ना, काय बघताय?"

"थांब गं जरा," मी म्हणालो. "बघू दे."