कडीतली गाठ

महादेवरावांनी दोर ओढला, तसं होडीचं तोंड धक्क्याच्या पायरीला येऊन टेकलं. गणू कोळ्यानं तो लोखंडी कडीत बांधला खरा, पण भलताच लांब सोडला होता. निम्मा दोर पाण्यात नुसता लोळत होता. भजनी मंडळाची बाकीची माणसं उतरून वर देवळाकडे गेली होती, गणूही पेटी घेऊन त्यांच्यामागे गेला होता. महादेवरावांनी त्याची गाठ सोडली, दोर कडीतून तीनदा फिरवला, पायरीला पाय रोवून आवळला आणि आपली गाठ मारली.

"या बाई. आता नुसतं पाऊल टाका."

अरुंधतीबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सत्तरीतले दुखरे गुडघे सांभाळत पायरीवर आल्या.

"तुमच्यामुळे माणसासारखी उतरले हो. नाहीतर दरवर्षी पोतं उतरवतात तशी उतरवतात मला."

महादेवराव ओशाळून हसले, पण मनातून सुखावले. तळोज्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी ट्रकवर माल बांधून घेतला होता. सैल दोर दिसला की त्यांचे हात शिवशिवत. निवृत्तीनंतर त्या हातांनी टाळ धरला होता, आणि बाईंच्या कीर्तनात मागे उभं राहायला मिळणं ही त्यांच्या उतारवयाची मिळकत होती.

गणू उरलेलं सामान न्यायला खाली आला. त्यानं कडीकडे पाहिलं, महादेवरावांकडे पाहिलं, आणि प्रसादाचं पातेलं उचललं.

"गणू," बाई म्हणाल्या, "बारा वर्षं आम्हाला या बेटावर आणतोस आणि होडीतच बसून राहतोस. आज आत बसायचं. समोर."

"आमी काय, बाई... मासळीवालं मानूस."

"मग काय झालं? देवानं मासे खाल्ले नाहीत, मासा होऊन आला तो! चल."

माघातली एकादशी. नऊची भरती देवळाच्या पायथ्यापर्यंत आली होती. खाडीपलीकडे बंदराच्या क्रेन धुरकट दिसत होत्या. मंडळाची चौदा माणसं, पुजारी आणि गणू एवढ्यांसमोर बाई उभ्या राहिल्या आणि हजार माणसं असावीत तशा रंगल्या.

"चूक झाली की माणूस आधी आजूबाजूला बघतो," त्या म्हणाल्या. "कोणी पाहिलं नाही ना? मग वर बघतो. त्यानं तर नाही ना पाहिलं? अरे बाबा, त्याला काय चष्मा लागलाय?"

सगळ्यात मोठ्यानं महादेवराव हसले. टाळ असा वाजला, की बाईंनी वळून मान डोलावली. समोर गणू मांडी घालून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता. कीर्तन संपलं तरी तो उठला नाही. त्याला हाक मारावी लागली.

वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाऊन मंडळी सावलीत लवंडली. अडीचच्या सुमारास मंडळाचा चिटणीस शैलेश हात धुवायला धक्क्यावर गेला आणि तिथूनच ओरडला.

पाणी ओहोटीनं पार खाली गेलं होतं. आवळलेल्या दोरानं होडीचं तोंड वरच धरून ठेवलं, मागचा भाग पाण्याबरोबर उतरत गेला, त्यातून पाणी आत शिरलं. शेवटी वजनानं दोर बांधलेला होडीचा पुढचा खुंट फळीसकट उपटून निघाला होता. होडी चिखलात आडवी पडली होती, इंजिन गाळात बुडालेलं. कडीतून तो खुंट दोराला लोंबत होता. गाठ तसूभर सरकली नव्हती.

महादेवरावांनी आजूबाजूला पाहिलं.

"अरे, एवढा दोर आवळून कोणी बांधतं का?" शैलेश कडाडला. "ओहोटी लागते हे तुला आम्ही शिकवायचं? बाईंना काही झालं असतं म्हणजे? होडी सोडून कीर्तनाला बसायचं तुझं काम होतं का?"

गणू चिखलात उतरला होता. त्यानं फुटक्या फळीवरून हात फिरवला.

"चुकलं, भाऊ. माजंच ध्यान नव्हतं."

शैलेश महादेवरावांकडे वळला. "काका, तुम्हीच सांगा. हे बरोबर आहे?"



"असं व्हायला नको होतं," महादेवराव म्हणाले.

शैलेशनं फोन करून दुसरी होडी मागवली. सहाच्या सुमारास, पाणी पुरेसं चढल्यावर, ती आली. सगळे बसले. महादेवराव पायरीवरच उभे राहिले.

"मी थांबतो गणूजवळ. एकटा कसा काढेल होडी?"

"बघा," बाई इतरांना म्हणाल्या, "कीर्तन आम्ही करतो, पण ऐकतात ते असे." त्यांनी होडीतूनच हात जोडले. महादेवरावांना ते हात बघवेनात. त्यांनी मान खाली घातली, तर समोर कडी होती.

दुसरी होडी लांब गेली. गणूनं भोकात चिंध्या कोंबल्या आणि डब्यानं पाणी उपसायला लागला. महादेवराव गाठ सोडायला बसले. भिजून, ताणून ती दगडासारखी झाली होती. नखं दुखायला लागली.

"गणू, ही गाठ माझी आहे रे."

"हाय ना."

"तुला माहीत होतं?"

"सकाळीच बघितली. सामान न्यायला आलो तवा."

"मग सोडली का नाहीस?"

डबा दोनदा भरून बाहेर रिकामा झाला.

"तुमी बाईंसाठी बांदली व्हती. तुमच्या देखत कशी सोडायची? बरं दिसलं नसतं. म्हटलं, तुमी वर गेलात की सैल करीन. तर बाईंनी बसवलं." तो थोडा हसला. "आनि मंग काका, खरं सांगू? इसरलोच. असं कंदी कोनी समोर बसवून ऐकवलंच नव्हतं."

 महादेवरावांच्या खिशातला फोन वाजला.

"काका, पोचलो आम्ही पनवेलला," शैलेश म्हणाला. "बाईंना गाडीनं घरी सोडतोय. एक विचारायचं होतं. उलव्याच्या एकाचा नंबर मिळालाय, मोठी होडी आहे. पुढच्या वर्षीपासून त्यालाच सांगून टाकू ना? गणूचं काही खरं नाही आता. तुम्ही तर डोळ्यांनी पाहिलंय सगळं. तुम्ही हो म्हणा, मग कोणी बोलणार नाही."

उजेड उतरत होता. बेटावर बघणारं कोणी नव्हतं. पुजारी दिवा लावायला आत गेला होता, गणू पाठमोरा होता. पाणी धक्क्याची एक एक पायरी चढत होतं.

"काका? ऐकू येतंय ना?"

"बाई शेजारी आहेत का?"

"आहेत की."

"फोन त्यांना दे."

पलीकडे खसफस झाली. मग बाईंचा तोच गोड, थकलेला आवाज आला, "बोला महादेवराव. निघाली का होडी?"

गणूचं पाणी उपसणं थांबलं होतं.