दोन नावांची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे, निळ्या रेक्झिनची. माझी नाडी दोनदा तुटली आणि दोनदा शिवली गेली. एका कोपऱ्यातून पुठ्ठाही डोकावतो आहे. पण म्हणून मला कमी लेखू नका. एका घराचे सारे कागद माझ्या पोटात आहेत आणि त्याचा मला थोडासा तोरा आहे.

लखनऊ छावणीजवळच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवले. दत्तात्रय साळुंखे नावाच्या तरुण शिपायाने मला विकत घेतले. तो साताऱ्याहून नुकताच लग्न करून परतला होता. त्याने माझ्यात ठेवलेला पहिला कागद म्हणजे पलटणीला लग्नाची खबर देणाऱ्या अर्जाची नक्कल. त्यात बायकोचे नाव होते दीप्ती. लग्नात ताटातल्या तांदळांत त्याने अंगठीने हेच नाव लिहिले होते आणि लोकांनी पेढे खाल्ले होते. मग पलटणीला दुसरे कोणते नाव कळवणार? भोळा आणि इमानदार माणूस!

वर्षभराने बायको छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहायला आली. तिने आपला शाळेचा दाखला माझ्यात ठेवला. त्यावर तिचे माहेरचे नाव होते, वासंती. दोन्ही कागद शेजारी शेजारी पडून राहिले. खरे सांगते, कित्येक दिवस मला वाटायचे की या घरात दोन बायका आहेत!

ते दिवस माझ्या मानाचे होते. मुलीचा शाळाप्रवेश असो की गॅसची जोडणी, "फाईल कुठाय?" अशी हाक आली की सगळे घर धावायचे. पुढे दत्तात्रय सुभेदार होऊन निवृत्त झाले. लखनऊमध्येच इंदिरा नगरात दुसऱ्या मजल्यावर घर घेतले आणि माझी रवानगी कपाटावर, रजयांच्या खाली झाली. फार एकटे वाटायचे. मधे एकदा मला खाली काढून शाळेच्या दाखल्यावरून आधार कार्ड केले, त्यावर वासंती आले. फौजेच्या दवाखान्याच्या कार्डावर मात्र दीप्तीच राहिली. कुणाच्या लक्षातही आले नाही.

मग बाईंचे गुडघे गेले. जिना उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचे. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, पिशवी भरली, आम्ही रुग्णालयात पोहोचलो. खिडकीतल्या मुलीने दोन्ही कार्डे पाहिली आणि हळूच म्हणाली, "आंटीजी, काग़ज़ पर तो ये दो लोग हैं. पहले नाम एक करा लीजिए, तभी भर्ती हो पाएगी." बाई तशाच परत आल्या आणि एकेक पायरी चढत घरात गेल्या. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्याच दिवशी कचेरीबाहेरच्या वकिलांच्या टेबलावर मी उघडली गेले. वकील म्हणाले, "हलफ़नामा बन जाएगा. बस ये तय कर लीजिए कि नाम कौन-सा रखना है."

"दीप्ती लिखिए," सुभेदार लगेच म्हणाले. "सब यही जानते हैं."

"सर, नाम तो मैडम का है. ज़रा उनसे पूछ लें?"

बाई नवऱ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "अहो, लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारतायत. मला वासंतीच राहायचंय."

"अगं, पस्तीस वर्षं मी दीप्ती म्हणतोय!"

"घरात म्हणा की. नको कोण म्हणतंय? पण कागदावर माझं नाव असू दे."

सुभेदारांचा चेहरा पडला होता. त्यांनी किती हौसेने ते नाव ठेवले होते! बराच वेळ ते माझ्या नाडीशी चाळा करत बसले. शेवटी म्हणाले, "वकील साहब, इन्होंने जो कहा, वही लिखिए. इनसे बिना पूछे पलटन को मैंने ही लिखा था, अर्ज़ी भी मैं ही दूँगा."

पुढचे चार महिने मी त्यांच्या काखेत होते. प्रतिज्ञापत्र झाले, दोन वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या, फौजेच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज गेला. एक सही राहिली म्हणून तो परत आला, पुन्हा गेला. सुभेदार रांगेत उभे राहत, पण कधी चिडले नाहीत. अखेर नवे कार्ड आले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाई चाकांच्या खाटेवर पडल्या होत्या. परिचारिकेने विचारले, "पेशेंट का नाम?"

सवयीने सुभेदारांच्या ओठांवर 'दी' आला. ते थांबले. "वासंती," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाईंनीही. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिले आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या.

मित्रांनो, कागद जपा. त्यांना वाळवी लागू देऊ नका, वर्षातून एकदा तरी उघडून पाहा. आणि कुणाचे नाव लिहायला हात उचललात, तर आधी त्या माणसाला विचारा. पस्तीस वर्षे फार असतात.